घरातला प्रोजेक्टर : जागा, उंची आणि टांगणी

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत येशूच्या जीवनावरचा एक मूकपट पाहून धुंडिराज गोविंद फाळके बाहेर पडले, ते एक निश्चय मनात घेऊनच. असं चित्र आपल्या देवादिकांचं, आपल्या माणसांचं का होऊ नये? ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसाने मग परदेशातून पुस्तकं आणि किंमतपत्रकं मागवली, एक छोटं यंत्र आणि काही रिळं मिळवली आणि रात्री घरातच मेणबत्तीचा उजेड बहिर्गोल भिंगातून पाठवून भिंतीवर चित्रं पाडायला सुरुवात केली. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि चित्रपटांचं काम नाशिकला हलवलं. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

नाशिकच्या घरात आज जो कोणी प्रोजेक्टर लावतो, त्याच्यापुढे तेच तीन प्रश्न असतात जे त्या मेणबत्तीपुढे होते : उजेड किती, भिंग कुठे आणि भिंत किती दूर. यंत्रं बदलली, भूमिती बदललेली नाही. या प्रकरणात ती भूमिती एका खऱ्याखुऱ्या हॉलच्या मापांवर मांडून पाहू. सूत्र एकच लक्षात ठेवायचं आहे : माप बसणाऱ्याच्या डोळ्यापासून सुरू होतं, मग पडदा, मग भिंग आणि सगळ्यात शेवटी छत. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. आधी स्लॅबला भोक पडतं, मग चित्र कुठे पडतंय ते पाहिलं जातं, आणि उरलेली चूक यंत्राच्या मेनूतून झाकली जाते.

मेणबत्ती, भिंग आणि भिंत

एक मेणबत्ती चहूदिशांना मिळून साधारण १२ लुमेन उजेड देते. त्यातला भिंगातून भिंतीवर पोचणारा वाटा अगदी थोडा. त्यामुळे मेणबत्तीवर पाडलेलं चित्र स्पष्ट दिसायला हवं तर ते लहानच ठेवावं लागतं. भिंग भिंतीपासून दुप्पट अंतरावर नेलं की चित्राची रुंदी दुप्पट होते, उंचीही दुप्पट होते. म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरल्यामुळे तेज पाव. मोठ्या चित्राची किंमत अशी मोजावी लागते.

हाच हिशेब आजच्या आकड्यांत बघू. १०० इंची पडदा म्हणजे कर्ण १०० इंच. १६ : ९ प्रमाणात त्याची रुंदी २२१ सेंटीमीटर आणि उंची सुमारे १२५ सेंटीमीटर भरते. क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. चित्रपटगृहासाठी पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाचं प्रमाण तेज चौरस मीटरला ४८ कॅन्डेला मानलं जातं. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात, १०० इंचांसाठी ते तेज मिळवायला साधारण ४१५ लुमेन पुरतात. १२० इंचांचा पडदा घेतला की हाच आकडा ६०० च्या घरात जातो. वीस इंच वाढवले आणि उजेड जवळजवळ दीडपट लागला.

मग दुकानात हजारो लुमेनचे आकडे का दिसतात? खोक्यावरचा आकडा सर्वात तेज मोडमधला असतो आणि त्या मोडमध्ये रंग हिरवट किंवा निळसर पडतात. सिनेमासाठी नीट रंग देणाऱ्या मोडमध्ये उजेड बराच कमी होतो. दिवा जुना होत जातो तसा आणखी उतरतो. शिवाय स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचे आकडे कोणत्या पद्धतीने मोजले तेच लिहिलेलं नसतं. म्हणून ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ लुमेन असा उल्लेख आहे का ते पाहावं आणि १०० इंचांसाठी छापील १५०० ते २००० लुमेन हाताशी ठेवावेत. अंधार करता येणाऱ्या खोलीत याहून जास्तीची गरज नाही.

सुरुवात सोफ्यापासून

आता हॉल घेऊ. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमध्ये सहज सापडेल असा : ११ फूट रुंद, १६ फूट लांब, छत साडेनऊ फुटांवर. सेंटीमीटरमध्ये ३३५, ४८८ आणि २९०. यापुढे आपण सेंटीमीटरच वापरू, कारण फूट-इंच आणि मीटर यांची सरमिसळ हे चुकलेल्या भोकांचं एक मोठं कारण असतं.

पडदा अरुंद भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला लागून. सोफ्याची खोली आणि पाठीची टेक धरली तर बसलेल्या माणसाचा डोळा पडद्यापासून सुमारे ४१० सेंटीमीटरवर येतो. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा ३० ते ४० अंशांचा कोन व्यापावा असा संकेत आहे. ४१० सेंटीमीटरवरून २२१ सेंटीमीटर रुंदीचा पडदा बरोबर ३० अंश व्यापतो. म्हणजे या हॉलला १०० इंची पडदा शोभतो. ज्यांना थिएटरात पुढच्या रांगा आवडतात त्यांनी सोफा तीन मीटरवर ओढावा, कोन ४० अंशांचा होईल. पडदा वाढवण्यापेक्षा सोफा ओढणं स्वस्त आणि उजेडही तेवढाच राहतो.

मग उंची. सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १०५ ते ११० सेंटीमीटरवर असतो. डोळ्याची पातळी पडद्याच्या खालच्या एक-तृतीयांशात आली की मान ताठ राहते आणि तीन तासांच्या सिनेमानंतरही दुखत नाही. आपल्या उदाहरणात पडद्याची खालची कड जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर घेतली, तर वरची कड १९५ वर येते आणि एक-तृतीयांशाची रेषा १११ वर. हे आकडे भिंतीवर पेन्सिलीने आखून घ्यावेत. जुनं वर्तमानपत्र किंवा चादर त्या मापाने चिकटवून दोन-चार दिवस तिकडे बघत बसावं. घरातली आजी, मुलं, उंच काका, सगळ्यांना बसवून पाहावं. पडदा टीव्हीसारखा उंच टांगायची सवय इथे मोडावी लागते.

फाळक्यांच्या चरित्रात या बाबतीत एक इशारा आहे. मेणबत्तीच्या उजेडात चित्रं पाडण्याच्या त्या दिवसांत अपुऱ्या झोपेत तासन्‌तास चित्रं पाहून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती आणि उपचारांनी ती परत आली. डोळा हे या सगळ्या मांडणीतलं सर्वात नाजूक यंत्र आहे. त्याला बरं वाटेल अशी जागा आधी ठरवायची आणि बाकी सगळं त्याच्या सोयीने बसवायचं.

भिंगाचं अंतर

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, म्हणजे हा आकडा. रेशो १.५ असेल आणि रुंदी २२१, तर अंतर ३३२ सेंटीमीटर. झूम असलेल्या यंत्रात हा आकडा पट्ट्यात दिलेला असतो, उदाहरणार्थ १.३ ते १.६. मग १०० इंची चित्रासाठी भिंग २८७ ते ३५४ सेंटीमीटरच्या दरम्यान कुठेही चालतं.

या पट्ट्याच्या अगदी टोकाला यंत्र टांगू नये. कंपनीच्या आकड्यांत आणि प्रत्यक्षात थोडा फरक पडतो आणि टोकाला टांगलं की तो फरक भरून काढायला झूम शिल्लक राहत नाही. दोन्ही टोकांपासून १५-२० सेंटीमीटर आत राहावं. जवळच्या टोकाकडे चित्र थोडं अधिक तेजस्वी असतं, कारण झूम लांबवला की बऱ्याच भिंगांतून कमी उजेड जातो. मोठा पडदा असेल तर जवळ, खोली पूर्ण अंधारी असेल तर मध्यावर, असा साधा नियम ठेवता येतो.

अंतर मोजायचं ते भिंगाच्या पुढच्या काचेपासून. यंत्राची खोली ३० सेंटीमीटर धरली, मागे केबलच्या पिना वळायला आणि हवा फिरायला आणखी ३० धरले, तर भिंग ३३२ वर असताना मागची कड जवळपास ३९० पर्यंत पोचते. आपल्या ४८८ सेंटीमीटरच्या हॉलमध्ये ते बसतं. १२ फुटी खोलीत, म्हणजे ३६६ सेंटीमीटरमध्ये, हेच यंत्र बसणार नाही. खरेदीच्या आधी हे गणित केलं तर दुकानातल्या डेमोची भुरळ पडत नाही.

उंची, पंखा आणि कीस्टोन

आपल्याकडच्या हॉलमध्ये एक वस्तू अशी आहे जिचा उल्लेख परदेशी माहितीपुस्तिकांत सहसा नसतो : छताच्या मधोमध फिरणारा पंखा. त्याच्यामुळे प्रोजेक्टरची उंची हा आपल्याकडे सर्वात महत्त्वाचा निर्णय ठरतो.

हॉलच्या मध्यावरचा पंखा पडद्यापासून २४४ सेंटीमीटरवर आहे. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती मध्यापासून दोन्ही बाजूंना ६० सेंटीमीटर पसरतात, म्हणजे पडद्यापासून १८४ ते ३०४ पर्यंत. स्लॅबपासून ३० सेंटीमीटर खाली, जमिनीपासून २६० वर, ती फिरतात. प्रोजेक्टरवाला येतो, यंत्र छताला चिकटवून लावतो. भिंग २७५ वर, पात्यांच्याही वर. तिथून पडद्याकडे जाणारा प्रकाशझोत खाली उतरताना ३०४ आणि २७० सेंटीमीटरच्या दरम्यान नेमका २६० ची पातळी ओलांडतो. पंखा सुरू केला की सगळं चित्र लुकलुकतं आणि बंद केला की एप्रिलच्या संध्याकाळी सिनेमा बघवत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. बहुतेक लहान डीएलपी (चिपवरच्या सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणाऱ्या) प्रोजेक्टरमध्ये चित्र भिंगाच्या अगदी समोर न पडता थोडं वर पडतं. उलटं टांगलं की थोडं खाली. याला ‘ऑफसेट’ म्हणतात. माहितीपत्रकात ११० टक्के लिहिलं असेल तर अर्थ असा, की उलट्या टांगलेल्या यंत्राचं भिंग चित्राच्या वरच्या कडेपासून उंचीच्या दहा टक्के वर हवं. आपल्या पडद्याची उंची १२५, दहा टक्के म्हणजे १२. वरची कड १९५ वर आहे, म्हणून भिंग २०७ सेंटीमीटरवर. यंत्र पाणसळीत सरळ, कुठेही वाकवलेलं नाही. तिथून निघणारा संपूर्ण झोत २०७ च्या खालीच राहतो. पंख्याची पाती अर्ध्या मीटरहून जास्त वर मोकळी फिरतात.

पंख्याची अडचण आणि चित्राच्या चौकोनाची अडचण, दोन्ही एकाच निर्णयाने सुटल्या. फक्त त्यासाठी स्लॅबपासून सुमारे पाऊण मीटरची नळी खाली सोडावी लागते आणि ती बघायला लोकांना आवडत नाही. पण त्या नळीला नाही म्हणण्याची किंमत मोठी आहे. छताला चिकटलेलं तेच यंत्र पडद्यावर चित्र आणण्यासाठी सुमारे १० अंश खाली वाकवावं लागतं. वाकवलं की खालच्या कडेकडे जाणाऱ्या किरणांना जास्त अंतर कापावं लागतं आणि चित्र खाली रुंद, वर अरुंद होतं.

हा तिरपा चौकोन सरळ करण्यासाठी मेनूत ‘कीस्टोन’ असतो. आज अनेक यंत्रं ते आपोआप करतात आणि जाहिरातीत त्याचं कौतुकही असतं. प्रत्यक्षात कीस्टोन भिंगाला हात लावत नाही. तो चित्रच आकसून, वाकवून, चिपच्या लहान भागावर बसवतो. उरलेले पिक्सेल निकामी होतात, उजेड कमी होतो, बारीक अक्षरांच्या कडा विस्कटतात. शिवाय ते निकामी पिक्सेल पूर्ण काळे नसतात. अंधारात पडद्याभोवती राखाडी झिलई दिसते ती त्यांचीच. भाड्याच्या घरात, भोक पाडायची परवानगी नसताना, कीस्टोन उपयोगाचा आहे. स्वतःच्या घरात कायमचं यंत्र बसवताना तो शून्यावर ठेवण्याचा आग्रह धरावा.

‘लेन्स शिफ्ट’ हा त्याहून चांगला मार्ग, कारण त्यात भिंगच वर-खाली सरकतं आणि एकही पिक्सेल वाया जात नाही. काही मॉडेलांत चित्र मध्यापासून स्वतःच्या उंचीच्या ९६ टक्क्यांपर्यंत वर-खाली नेता येतं. आपल्या हॉलमध्ये पडद्याचा मध्य १३२ वर आहे. अशा यंत्राचं भिंग २५० सेंटीमीटरपर्यंत वर ठेवूनही चित्र चौकोनी राहतं आणि झोत पात्यांच्या खालून जातो. लांब नळी नकोच असेल, तर लेन्स शिफ्टसाठी जास्त पैसे मोजणं शहाणपणाचं आहे.

जुन्या एकपडदा चित्रपटगृहांनाही हीच अडचण होती. यंत्राची खोली बाल्कनीच्या वर, मागच्या भिंतीत उंचावर असे आणि झोत तिरपा पडे. प्रोजेक्टरच्या चौकटीतली धातूची पट्टी कानशीने घासून तिरपेपणा भरून काढत, उरलेली कड पडद्याभोवतीच्या काळ्या कापडात लपवत. घरच्या पडद्याभोवती काळ्या मखमलीची पट्टी असते तिचंही काम तेच : सेंटीमीटरभर सांडलेला उजेड गिळणं आणि चित्राला धारदार कड देणं.

मध्यरेषा ओळंब्याने

भिंग पडद्याच्या मध्याच्या समोर हवं. यंत्राचं खोकं नव्हे. पुष्कळ प्रोजेक्टरमध्ये भिंग एका बाजूला असतं. खोकं मध्यावर टांगलं की चित्र तेवढंच सरकतं आणि मग आडवा कीस्टोन लावावा लागतो. आधी यंत्रावर भिंगापासून टांगणीच्या स्क्रूपर्यंतचं अंतर मोजावं. भोक तेवढं बाजूला घ्यायचं आहे.

मध्य शोधायला लेझर नसला तरी चालतं. दोन न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या घ्याव्यात. एकीचं टोक पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर, दुसरीचं उजव्या कोपऱ्यावर. भिंगाच्या जागी दोन्हींची लांबी अगदी सारखी भरली की भिंग मध्यरेषेवर आलं. तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी आणि तीच खूण वर छतावर न्यावी. घराच्या भिंती काटकोनात असतीलच असं नाही. भिंतीपासून माप घेण्यापेक्षा पडद्याच्या कोपऱ्यांपासून घेतलेलं माप विश्वासाचं. नाशिकच्या कोणत्याही गवंड्याला हे दोरीचं गणित समजावून सांगावं लागत नाही.

भोक पाडण्याआधी एक तालीम करावी. घडीच्या शिडीवर यंत्र ठेवून ठरलेल्या अंतरावर आठवडाभर सिनेमे पाहावेत. ताठ ठेवलेल्या यंत्राचं चित्र वर पडतं, म्हणून उंचीची परीक्षा यातून होत नाही. पण चित्राचा आकार, झूमची मर्यादा, पंख्याचा आवाज आणि घरातल्यांची ये-जा, एवढं सगळं कळतं.

स्लॅब, पीओपी आणि कडीपाट

पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला प्रोजेक्टर कधीही टांगू नये. ती पातळ पाटी स्वतःचं वजन सांभाळण्यापुरतीच असते. तिला भोक पाडून नळी वर खऱ्या स्लॅबपर्यंत न्यायची आणि तिथे अँकर फास्टनर ठोकायचे. चार ते दहा किलोच्या यंत्रासाठी ८ मिलिमीटरचे चार फास्टनर पुरतात. स्लॅबमध्ये दोन-अडीच सेंटीमीटर आत सळ्या असतात. ड्रिल सळीला लागलं तर इंचभर बाजूला सरकावं, सळी कापण्याच्या फंदात पडू नये. पंख्याच्या डबीपासून भिंतीतल्या स्विचबोर्डकडे जाणारी वायरची नळीही स्लॅबच्या आतूनच गेलेली असते. त्या रेषेत भोक घेण्याआधी वायरमनला विचारावं.

यंत्राच्या तळाला टांगणीचे स्क्रू बसतात ते कंपनीने सांगितलेल्या लांबीचेच वापरावेत. लांब स्क्रू आतल्या पाटीला टेकतो आणि नवं यंत्र पहिल्याच दिवशी बिघडतं. नळी लांब असेल तर जाड घ्यावी. पंख्याच्या वाऱ्याने बारीक नळी थरथरते आणि यंत्राची केसभर हालचाल साडेतीन मीटरवर डोळ्यांना जाणवते.

सराफ बाजार, पंचवटी भागातल्या जुन्या वाड्यांचं गणित वेगळं. तिथे छताला कडीपाट असतो. पाटाच्या फळीत स्क्रू धरत नाही. तुळईत किंवा जाड कडीत आधी बारीक भोक घेऊन मग लाकडी स्क्रू फिरवावा. वरच्या मजल्यावर कोणी चाललं तर कडी किंचित वाकते आणि खाली चित्र हलतं. वाड्यात म्हणून मागच्या जाड भिंतीला लागून भक्कम लाकडी फळी किंवा उंच कपाट हाच उत्तम आधार. लेन्स शिफ्टचं यंत्र घेतलं की ते सरळ फळीवर ठेवता येतं आणि शंभर वर्षांच्या लाकडाला भोकही पडत नाही.

केबलसाठी भिंतीत नळी टाकायची असेल तर ती किमान ४० मिलिमीटरची असावी, कारण एचडीएमआयची पिन विजेच्या साध्या नळीतून जात नाही. तांब्याची एचडीएमआय केबल फोर-के चित्रासाठी पाच मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. तिला दिशा असते. कोणतं टोक प्लेयरकडे आणि कोणतं पडद्याकडच्या यंत्राला, ते तिच्यावर छापलेलं असतं. नळीतून एक रिकामी दोरी ओवून ठेवावी. पुढच्या केबलला ती उपयोगी पडते.

लहान खोलीत

सिडकोच्या जुन्या घरांतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वरचं एकही माप बसत नाही. तिथे दोन वाटा आहेत. थ्रो रेशो ०.५ च्या आसपासचं शॉर्ट थ्रो यंत्र ८० इंची चित्र ९० सेंटीमीटरवरून देतं. दुसरी वाट अल्ट्रा शॉर्ट थ्रोची. रेशो ०.२५ असलेलं यंत्र भिंतीलगतच्या बुटक्या टेबलावर बसतं आणि झोत खालून वर फेकतं. पंखा, नळी, छत, सगळे प्रश्न मिटतात आणि मध्ये कोणी चाललं तरी सावली पडत नाही.

त्याची अट मात्र कडक आहे. झोत इतका तिरपा पडतो की भिंतीतला जराही उंचवटा लाटेसारखा दिसतो आणि टेबल काही मिलिमीटर सरकलं की चित्र कितीतरी जास्त सरकतं. त्यासाठी चौकटीवर ताणलेला सपाट पडदाच हवा. गुंडाळी होणारा पडदा किंवा नुसती रंगवलेली भिंत चालत नाही. टेबलही असं, की झाडताना हलणार नाही. घरात लहान मुलं असतील तर ती भिंगात डोकावणार नाहीत अशी सोय हवीच, कारण जवळून डोळ्यांत गेलेला तो उजेड घातक ठरतो.

नाशिकची हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘हाय अल्टिट्यूड’ नावाचा पर्याय असतो. तो बहुतेक यंत्रांत १५०० मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी दिलेला असतो. नाशिकला तो लागत नाही. चुकून सुरू राहिला तर पंखा विनाकारण गोंगाट करतो.

उष्णतेचा विचार मात्र करावाच लागतो. अनेक यंत्रांची मर्यादा ३५ ते ४० अंशांची असते. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरचा तापलेला स्लॅब संध्याकाळी खाली उष्णता सोडतो आणि खोलीतली गरम हवाही वरच साचते. छताला चिकटलेलं यंत्र त्या हवेत श्वास घेतं. खाली सोडलेल्या नळीचा हा तिसरा फायदा : अर्धा-पाऊण मीटर खाली हवा थोडी थंड असते. यंत्राच्या चारही बाजूंना किमान ३० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी आणि सजावटीच्या नादात त्याला पेटीत कोंडू नये.

धूळ आणि तेलकट धूर हे त्याचे दुसरे शत्रू. स्वयंपाकघर हॉललाच जोडलेलं असेल तर फोडणीचा धूर, उदबत्ती आणि धूप भिंगावर आणि जाळीवर चिकट थर देतात. जाळी असलेल्या यंत्राची जाळी महिन्यातून एकदा झाडावी. भिंगाला मऊ ब्रश आणि भिंगासाठीचंच कापड, एवढंच. पावसाळ्यात यंत्र महिनाभर बंद ठेवू नये. आठवड्यातून एकदा तासभर चालवलं की आतली ओल निघते.

वळवाच्या पावसात वीज गेली तर दिव्याच्या प्रोजेक्टरला जास्त धक्का बसतो. दिवा तापलेला असतानाच आतला पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. यंत्राच्या वॅटला पुरेल असा छोटा यूपीएस पाच-दहा मिनिटं चालला तरी पुरे, तेवढ्यात यंत्र रीतसर बंद करून थंड होऊ देता येतं. लेझर आणि एलईडी यंत्रांना हा त्रास कमी, पण विजेच्या चढउतारापासून त्यांनाही संरक्षण हवं.

शेवटी अंधार. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीत उरलेला उजेड. पश्चिमेच्या गॅलरीतून सूर्य मावळेपर्यंत येणारं ऊन कितीही लुमेनचं यंत्र घेतलं तरी हरवता येत नाही. तिथे दुहेरी जाड पडदा लावावा. पांढरं छत पडद्यावरचाच उजेड परत पडद्यावर टाकतं, म्हणून पडद्याजवळचं दोन-तीन फूट छत आणि बाजूच्या भिंती गडद, मॅट रंगाच्या केल्या तर त्याच यंत्राचं चित्र ठळक दिसतं. हजार-दोन हजार लुमेन वाढवण्यापेक्षा हा रंगाचा एक डबा जास्त देतो.

कामाचा क्रम

नव्या घराचा ताबा मिळाला, पीओपी आणि फर्निचरचं काम अजून सुरू व्हायचं आहे, ही योग्य वेळ. सोफ्याची जागा आधी ठरवावी, तिथून डोळ्याची उंची घ्यावी, तिथून पडद्याची रुंदी आणि कडा. मग माहितीपत्रकातला थ्रो रेशो आणि ऑफसेट घेऊन भिंगाचं अंतर आणि उंची काढावी आणि पंख्याच्या पात्यांशी ताडून पाहावी. त्यानंतर यंत्र खरेदी करावं. यंत्र हातात आल्यावर दोरीने मध्यरेषा काढावी आणि छतावर खूण करावी. वायरमनला त्या खुणेपाशी विजेचा पॉइंट आणि केबलची नळी टाकायला सांगावी, पीओपीवाल्याला तिथली पाटी मोकळी ठेवायला. भोक सगळ्यात शेवटी.

या क्रमाने गेलं तर साध्या किमतीचं यंत्रही सरळ, तेजस्वी आणि शांत चित्र देतं, आणि क्रम उलटा केला तर सर्वात महाग यंत्रही तिरपं पडतं. नाशिकमध्ये घरोघरी लोक आता एकत्र बसून सिनेमा बघायला लागलेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या एकत्र बसण्याला साजेसं चित्र मिळवायला लागतात ती मेजपट्टी, दोरी, ओळंबा आणि एक मोकळी दुपार. ड्रिल हातात घेण्याआधी ती दुपार काढावी.